सगळे पासवर्ड, सगळे दात

रविवार, दुपारचे तीन

तीर्थरूप मामांना,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (गुडघा दुखावल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं टेकवता आली आहेत, आशीर्वाद मात्र पूर्ण द्यावा.) तुमचा खोकला कसा आहे? मामींची मान वळायला लागली का? मी इकडे खुशाल आहे, म्हणजे माझी नोकरी अजून आहे. गेल्या पंधरवड्यात हे वाक्य लिहायची दोनदा तरी हिंमत झाली नसती.

आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि पाच माणसं. दातांच्या डॉक्टरांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो; पेशंटला वेळ द्यायची आणि आदल्या दिवशी मेसेज पाठवून आठवण करायची, एवढंच त्याचं काम. पण एवढ्या कामालाही डझनांनी पासवर्ड लागतात: पेशंटांच्या नोंदींचा एक, मेसेज पाठवणाऱ्या कंपनीचा एक, आणि असेच कितीतरी. हे सगळे आम्ही एका साध्या फाइलीत लिहून ठेवले होते. फाइल उघडली की कुणीही वाचावेत. घराला कुलूप लावून किल्ली कुलपालाच लटकवण्यातला प्रकार. तुम्ही चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केलीत, तेव्हा पुढचं वाचण्याआधी घोटभर पाणी प्या. फाइलीचं नाव होतं ‘पासवर्ड नवीन हीच खरी’. (शेजारी ‘हीच खरी दोन’ नावाची आणखी एक होती. खरी कुठली ते कुणालाच ठाऊक नव्हतं.)

तर दोन आठवड्यांपूर्वी चाळीस डॉक्टरांसमोर मोठ्या पडद्यावर आमचं सॉफ्टवेअर दाखवायला मला उभं केलं. घाईत मी भलत्याच ठिकाणी क्लिक केलं आणि पडद्यावर ‘हीच खरी’ प्रकटली, टेबलाएवढ्या अक्षरांत. मी ती बंद करायला धडपडतेय, तोवर पहिल्या रांगेतल्या एका सज्जन डॉक्टरांनी चष्मा वर करून विचारलं, “चौथ्या ओळीत ते शून्य आहे की ओ?” आमच्या बाई, म्हणजे कंपनीच्या मालकीण, मागे उभ्या होत्या. त्यांनी ओठ असे मिटले की मला भर सभेत घाम फुटला. ऑफिसात परतल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “आठ दिवसांत सगळे पासवर्ड बदलायचे आणि पासवर्ड मॅनेजरमध्ये हलवायचे. आणखी एक गोंधळ झाला, तर तुझी खुर्ची रिकामी.”

पासवर्ड मॅनेजर म्हणजे तिजोरी हो. सगळी गुपितं आत, आणि बाहेर एकच मोठा पासवर्ड. ऐकायला सोपं. पण आत टाकायला आधी गुपितं सापडायला हवीत ना! मी घरोघर फिरणाऱ्या शिरगणतीवाल्यासारखी टेबलाटेबलावर फिरले. हिशेब बघणाऱ्या ताईंनी त्यांचा पासवर्ड मोबाइलमध्ये ‘पासवर्डकाका’ नावानं फोन नंबर म्हणून ठेवला होता. (एकदा चुकून लागला होता म्हणे. कुणीतरी गृहस्थ फार अदबीनं बोलले.) एक पासवर्ड खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीनं लिहिलेला निघाला. आणि सगळ्यांत अवघड अण्णा. अण्णा आमचे सर्वांत जुने प्रोग्रामर, त्यांचे सगळे पासवर्ड डोक्यात. “माझ्या डोक्यात आजवर कुणी शिरलंय का?” हा त्यांचा प्रश्न. शेवटी बाईंनी डोळे वटारल्यावर ते सांगायला बसले आणि त्यांना एकही आठवेना. मग कळलं, पासवर्ड डोक्यात नव्हतेच, बोटांत होते. कीबोर्ड पुढे ठेवला, त्यांनी डोळे मिटले आणि पेटी वाजवल्यासारखे अकरा पासवर्ड धडाधड टाइप केले. मधेच ताईंनी चहा हवा का विचारलं, तर पुन्हा पहिल्यापासून.

आठव्या दिवशी सगळे पासवर्ड बदलून तिजोरीत गेले, ‘हीच खरी’ आणि तिची बहीण दोघी पुसल्या गेल्या, आणि मी खुर्चीत ऐसपैस बसले. इथेच घात झाला. मेसेज पाठवायच्या किल्ल्या (म्हणजे पुन्हा पासवर्डच) दोन असतात: एक खरी, आणि एक चाचणीची, जिच्यानं मेसेज गेल्यासारखा दिसतो पण कुठेच जात नाही. तिजोरीत भरताना मी त्यांची अदलाबदल केली होती. त्यात चाचणीच्या यादीतले फोन नंबर निघाले खऱ्या माणसांचे. सगळं चालतंय ना, हे बघायला मी एक चाचणीचा मेसेज सोडला, आणि तो तीनशे बारा माणसांना पोचला. मामा, मजकूर मीच कधीतरी कंटाळून लिहिला होता: ‘तुमचे सगळे दात उद्या सकाळी अकरा वाजता काढण्यात येतील. कृपया वेळेवर यावे.’

लगोलग माफीचा मेसेज पाठवला, पण माणसं पहिलाच मेसेज मनावर घेतात. दुसऱ्या दिवशी एका दवाखान्यात एकोणीस जण हजर. तीन जण भांडायला, बाकीचे रीतसर रांगेत. एक आजोबा कवळी डबीत घालून घेऊन आले आणि म्हणाले, “तुमचा वेळ वाचावा म्हणून काढूनच आणलेत.” एक बाई नवऱ्याला दंडाला धरून आल्या होत्या, मेसेज त्यांनाच आला होता, पण त्यांच्या मते गरज नवऱ्याला होती.

मी राजीनामा लिहिला, चारदा शुद्धलेखन तपासलं आणि बाईंच्या खोलीत गेले. तेवढ्यात मागून अण्णा आले. म्हणाले, “चाचणीच्या यादीत खरे नंबर सहा वर्षांपूर्वी मी टाकले. आळस केला. राजीनामा द्यायचा तर आधी माझा.” ज्या माणसानं आठ दिवस मला पासवर्डासाठी रडवलं, त्यानं असं म्हणावं! माझे डोळे भरून आले. बाईंनी दोघांकडे बघितलं, राजीनामा टराटरा फाडला आणि म्हणाल्या, “त्या दवाखान्याचा फोन आला होता. एकोणिसांतल्या अकरा जणांचे दात खरंच किडलेले निघाले. आता चालते व्हा, कामं पडलीत.”

तर अशी आमची तिजोरी भक्कम झाली. मामींना नमस्कार, धाकट्यांना गोड पापा.

तुमची,
भाची

ता. क. मोठा पासवर्ड विसरला तर तिजोरी उघडायला एक संकटकाळचा कागद मिळतो. तो ऑफिसबाहेर ठेवायचा असतो, म्हणून मामींसाठी पाठवलेल्या चपलांच्या खोक्यात मी तो घडी घालून खुपसला होता. सांगायचं राहिलं. तर तो शोधून त्यावरचे सहा शब्द पत्रानं कळवावेत, कारण मोठा पासवर्ड मी शुक्रवारी विसरले. बाई परगावी आहेत, गुरुवारी येतील. फोन मुद्दाम करत नाही. तुम्ही फोनवर प्रत्येक शब्द ओरडून परत म्हणता आणि तुमच्या घराखाली रिक्षास्टँड आहे.

ता. क. दोन. आत्ताच मामींचा फोन आला. चपला छान बसल्या म्हणाल्या, आणि खोक्यातल्या कागदांनी खिडक्याही लख्ख निघाल्या. मामा, हात जोडते, काचांवर कुठे उलटी अक्षरं उमटली आहेत का, तेवढं आरसा धरून बघा.