गाण्याखालची चार वाक्यं

३ मार्च
दोन महिने वहीला हात लावला नाही, क्षमा असावी. गाव बदललं, घर बदललं, नोकरीही. तीन मजली दुकानात दिवसभर वाजणारं संगीत जुळवायचं काम. खोली लहान, पण खिडकी मोठी. इथले जुने तंत्रज्ञ, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, त्यांनी पहिल्याच दिवशी इथली पद्धत सांगितली : नव्या माणसाचा आवाज संगीताखाली घालायचा, कानाला कळणार नाही इतका बारीक. मी चार वाक्यं वाचली. सावकाश. घाई नाही. इथे बरं आहे. बाहेर काही नाही. गिऱ्हाईक रेंगाळतं म्हणे. घरी कुणी ऐकत नसेल तर काळजी नको, इथे अख्खं गाव ऐकेल, असं मास्तर म्हणाले. दोघंही खूप हसलो.

८ मार्च
लेकीची प्रवेश परीक्षा आठवड्यावर आली. तिला घास उतरत नाही. आज तेच रेकॉर्डिंग घरी आणून लावलं. नुसतं संगीत आहे, असं तिला सांगितलं. ते खोटं होतं. इथे तरी लिहून ठेवते. तासाभरात पोटभर जेवली.

१२ मार्च
आता नीट जेवते. दिवसभर रेकॉर्डिंग चालूच. पुस्तकं मात्र मिटलेली. विचारलं, तर घाई नाही म्हणाली. असं कुणीही म्हणतं, अशी मनाची समजूत घातली. बंद करायला हवं होतं का? तिच्या चेहऱ्यावरचं हसू मला हवं होतं, हे खरं.

१५ मार्च
आज परीक्षा होती. लेक उठलीच नाही. हात धरून ओढलं, ओरडले, रडले. शांतपणे म्हणाली, "आई, बस ना तू पण. बाहेर काही नाही."
हेल माझा होता. आवाजसुद्धा.

१६ मार्च
रेकॉर्डिंग पुसून टाकलं. तिचे ओठ तरी हलताहेत — तीच चार वाक्यं.
मास्तरांना फोन केला.  त्यांनी उलट विचारलं, जुळवताना तुम्ही स्वतः किती ऐकलंत?
रोज आठ तास —

१७ मार्च
माझ्या ताईचा फोन. सगळं सांगितलं. उद्या येऊन लेकीला घेऊन जाते म्हणाली. तिचे कपडे भरून ठेव, दार उघडं ठेव. हो म्हटलं.
कपाटापर्यंत गेले —
मग लेकीशेजारी बसले. ताई येईपर्यंतच. ती आली की तिलाही जरा —

उद्या : ताईसाठी तिसरी खुर्ची मांडणे.