मास्तरांची डावी मिशी

४ मे
नाही म्हणजे नाही! अण्णा कितीही शपथा घेऊ देत. आवाज घोगरा, जीभ जड, एक वाक्य संपवायला पाच मिनिटं — प्यालेला माणूस मला कळत नाही होय? लहानपणापासून बापाचं हेच ऐकतोय. दोन वर्षांपूर्वी घशाचा कॅन्सर झाला, मानेवर तेहतीस वेळा रेडिएशन घेतलं, तेव्हा कुठे सुटली होती. गेल्या महिन्यापासून त्यांना पाठवायचे पैसे बंद केलेत. बंदच राहणार.

९ मे
ताईचा फोन. म्हणे अण्णांच्या तोंडाला वास नाही. म्हटलं, बिनवासाची पण मिळते. म्हणे भर उन्हाळ्यात स्वेटर घालतात. म्हटलं, नाटक. म्हणे जेवण चिमणीएवढं, तरी वजन वाढतंय. मी फोन ठेवला.

१० मे
हॉटेलच्या धुलाईत चादरी, चादरी, चादरी. माझं बूड एका जागी ठरत नाही म्हणून मुकादम आज इस्त्रीवर टाकतो, उद्या घडीवर. आणि बाप स्वतःच्या सलूनमध्ये गिऱ्हाइकाच्या खुर्चीत झोपतो!

१७ मे
कहर झाला. इस्त्री चालू असताना ताईचा फोन. मास्तरांची दाढी करता करता अण्णा उभ्याउभ्या पेंगले. वस्तरा चालूच! डावी मिशी साफ. चाळीस वर्षं जपलेली. मास्तर ओरडले नाहीत म्हणे. आरशात बघून एवढंच म्हणाले, "आता उजवीपण काढ बाबा, शिकवणीला जायचंय." ती काढायला अर्धा तास लागला. ऐकून इतका हसलो की उशीची खोळ जाळली.
मग अण्णा फोनवर आले. "मी घेतलेली नाही रे. मला नुसती थंडी वाजते."
"बास, अण्णा," म्हटलं.

२० मे
मुकादमाला माझा जन्मदाखला हवा होता. ट्रंकेतून फोल्डर काढलं. मजबूत म्हणून अण्णांच्या इस्पितळाचंच उचलून आणलेलं. दाखल्यामागे त्यांचा डिस्चार्जचा कागद. बोट ठेवून ठेवून वाचला. मानेला रेडिएशन दिल्यामुळे थायरॉइड मंदावू शकते. दर सहा महिन्यांनी रक्त तपासावे. थकवा, झोप, थंडी, वजन, जड आवाज — ही तर अण्णांचीच यादी!
खाली छापलंय: 'समजले.' त्याखाली माझी सही.
तेव्हा डॉक्टरांसमोर भराभर वाचता येईना, विचारायची लाज वाटली. ठोकली सही.
ताईला फोटो पाठवला.

२४ मे
रक्ताचा रिपोर्ट आला. तेच निघालं. रोज एक चिमुकली गोळी, बहुतेक जन्मभर. उपाशीपोटी घ्यायची, चहा अर्ध्या तासाने — अण्णांच्या मते कॅन्सर परवडला.
अण्णांना फोनवर सहीचं सांगून टाकलं. पलीकडून जांभई ऐकू आली. वाटलं, झोपले. मग हळूहळू म्हणाले, "तुला वाचायला... जड जातं... मला ठाऊक होतं. तरी तुलाच... पुढे केलं मी."
वाक्य संपेपर्यंत फोन धरून उभा होतो. पहिल्यांदाच.

२५ मे
पाठवले. दोन महिन्यांचे सोळा हजार. वर तीनशे, मास्तरांच्या मिशीचे.