ज्या गाडीले तुमी ओवाळलं

अमरावती, बुधवार

सौ. चंदाबाई विहीणबाईंस कौशल्याबाईचा नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? तेल लावता का नुसतं बाटलीकडे पाहता? आमची माया (म्हणजे आता तुमचीच सून) बरी असेल. आचलचं साक्षगंध (आजकालचे पोट्टे साखरपुडा म्हणतेत ते) पंधरा दिवसांवर आलं, तर पोरीले उन्हात फिरू देऊ नका. तोंड काळवंडलं तर अंजनगावची सासरची माणसं बोलतीन, अन् नात दोघींची असली तरी काळा रंग माझ्याकडूनच आला असं ठरन. इकडे सर्व ठीक. ठीक म्हणजे मी जेवते, झोपते, फक्त आरशात पाहत नाही. तुमी म्हणसान, फोन असताना हिनं पत्र काहून लिवलं. तर फोनवर तुमचा आवाज आला का माझं तोंड आपोआप खोटं बोलते. कागदावर तसं होत नाही. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईले एक अक्षर काढाले इतका वेळ लागते की तेवढ्यात खोटं थंडं पडून जाते.

आमच्या अमोलनं दिवाळीपासून तीन रांगांची, सात माणसांची गाडी घ्यायचं काढलं होतं. रोज संध्याकाळी मोबाईलात तीन गाड्या शेजारी शेजारी मांडे, हिची लांबी, तिची उंची, तिसरीच्या हवेच्या पिशव्या. बायको करताना त्यानं इतकं पाह्यलं नव्हतं. (पाह्यलं असतं तर बरं झालं असतं, पण ते वेगळं पत्र आहे.) मी म्हटलं, रांगा मोजून काय होते, तिसऱ्या रांगेत बसणार कोण? मी. मंग मीच पाहीन. तुमाले खरं सांगते, या मागच्या जागेचं अन् माझं जुनं वाकडं आहे. मायाच्या लग्नानंतर पह्यल्या संक्रांतीले तुमच्या जीपमध्ये तुमी समोर बसल्या होत्या, अन् मी मागच्या फळीवर, ढोरांच्या ढेपीच्या चुंगडीवर पाय ठेवून, गुडघे हनुवटीले लावून, अकोल्यापासून मूर्तिजापूरपर्यंत. तुमी वळून विचारलं होतं, "बसलं जाते ना विहीणबाई?" मी म्हटलं, "मस्त." ते एक मस्त मले चोवीस वर्ष डसून राहिलं.

पह्यली गाडी पांढरी, अमरावतीतलीच. मी घरून वीस किलो तुरीची चुंगडी अन् कणकेची परात घेऊन गेली, कारण कार्याले कोणी रिकाम्या हातानं जात नाही अन् रिकामी गाडी पाहून काही समजत नाही. शोरूमची पोरगी म्हणे, "आजी, हे काय?" मी म्हटलं, "तुझ्या गाडीचं पोट पाहाले आणलं." तिसरी रांग उभी केली तर डिक्कीत परात आडवी जाईना, उभी ठेवली तर दार लागेना. मी आत शिरली ते शिरली, अन् उतरताना पुढची सीट कशी पाडायची ते कोणाले सापडेना. शेवटी मले दोघांनी धरून डिक्कीतून काढलं, तुरीच्या आधी का नंतर ते आता आठवत नाही. दुसरी लाल. तिच्यात मधल्या रांगेत दोनच खुर्च्या, राजा-राणीसारख्या, अन् मधात नुसता रस्ता. म्हणजे माणसं सहाच. सातव्या बाईले कुठं उतरवून द्यायचं, असं विचारलं तर त्यायनं छपराकडे बोट दाखवलं. छपराले काच, बटन दाबलं का उघडते. मे महिन्यात अमरावतीत डोक्यावरची खिडकी उघडणारा माणूस मले एकदा पाहाचा आहे. (मागं हवा मात्र चांगली थंडी येते. मी दहा मिनिटं घोरली असं अमोल म्हणते. मी डोळे मिटून पारख करत होती.)

तिसरी चॉकलेटी. ती चालवून पाहाले फक्त तुमच्या अकोल्यात होती, म्हणून आमी एसटीनं आलो. इथून माझी शरम सुरू होते, म्हणून अक्षर बारीक झालं आहे, चष्मा लावून वाचा.

शोरूमचा माणूस, कुलदीप नावाचा, गाडी चालवत होता, अमोल त्याच्या बाजूले, मी तिसऱ्या रांगेत. गुडघे हनुवटीपासून वीतभर दूर, विहीणबाई! तेवढ्यानं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, बाप्पा कुलदीप, गल्लीत वळते का तेही पाहून घेऊ, डावीकडे घे. अकोल्यात गल्ल्या काय कमी आहेत? पण मी डावं-उजवं सांगत बरोबर तुमच्याच दारापुढं आणली. मनात इतकंच होतं की तुमी गच्चीवरून पाहावं अन् आमी निघून जावं. तुमी पापड वाळवून राहिल्या होत्या. तिथूनच ओरडल्या, "माय वं! गाडी घेतली?" चंदाबाई, नाही म्हणाले एक श्वास पुरला असता. मी म्हटलं, "हो, म्हटलं पहिले तुमालेच दाखवावी."

पुढचं तुमाले अर्धंच माहीत आहे. तुमी तबक आणाले आत गेल्या तेव्हा कुलदीप म्हणाला, "आजी, ही शोरूमची गाडी आहे, दुपारी दुसऱ्यांले दाखवायची आहे." मी म्हटलं, "चूप बस." तुमी येऊन विचारलं हा कोण, तर मी सांगितलं, आमचा ड्रायव्हर. गळ्यात टाय घातलेला माणूस! तुमी त्याले टोपी-दुपट्टा दिला, तो बिचाऱ्यानं मान वाकवून घेतला. अमोल फोन आला म्हणून कोपऱ्यावर गेला. फोनवर कोणीच नव्हतं. तुमी बॉनेटवर कुंकवानं सातिया काढला, माळ घातली, चारही चाकांखाली लिंबू ठेवले, नारळ फोडला, साडी देऊन माझी ओटी भरली अन् फोटो काढले. ते फोटो आता नीट पाहा. सगळ्यांत मी दाराले पाठ लावून, पदर दोन्ही हातांनी पसरून उभी आहे, अंड्यांवर कोंबडी असावी तशी. तुमाले वाटलं, बाईची हौस. पदरामागं इंग्रजीत हातभर अक्षरात लिवलं होतं की ही गाडी चालवून पाहाले ठेवलेली आहे.

परत गेलो तर दुसरं गिऱ्हाईक वाटच पाहत होतं. त्यानं सातिया पाह्यला अन् म्हणाला, दुसऱ्याची पूजा झालेली गाडी आमाले नको. शोरूमच्या साहेबानं कुलदीपच्या डोक्यावरच्या टोपीकडे पाह्यलं, मंग माझ्याकडे. मले वाटलं आता हा पोरगा सगळं सांगते. कुलदीप म्हणाला, "म्हातारं माणूस आहे साहेब, हौसेनं पूजा केली, मी करू दिली." त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मले सोपं गेलं असतं. एसटीत अमोल मूर्तिजापूरपर्यंत मोबाईलातल्या तिन्ही गाड्या एकेक करून पुसत होता. तिथं म्हणाला, "आई, घरात आपण चार माणसं. मी पाच सीटची घेतो." अन् दुसऱ्या दिवशी तशी नोंदवली, लहानशी राखाडी. तिसरी रांगच ठेवली नाही त्यानं. तीही दोन महिन्यांनी येणार.

मी ही गोष्ट मातीत गाडणार होती. पण काल मायाचा फोन आला की तुमी साक्षगंधासाठी ठरवलेली भाड्याची गाडी नको म्हणून सांगितली, सहा बाया आजीच्या गाडीत अंजनगावले जातीन. तर विहीणबाई, आजीची गाडी नाही. भाड्यानं आता मिळत नाही, मी तीन जागी विचारलं, लग्नाचे दिवस आहेत. आपल्या नातीच्या साक्षगंधाले तुमच्याकडच्या बाया रस्त्यावर उभ्या राहिल्या तर ते माझ्या एका "हो"मुळे. माफी मागाची मले सवय नाही, ती कुठून धरायची तेच समजत नाही. म्हणून सरळ लिवते, मी खोटं बोलली.

लहानांले आशीर्वाद, मोठं आता आपल्याहून कोणी उरलं नाही.

तुमची विहीण,
कौशल्या

ता. क. जावयाले सांगायचं असलं तर सांगा. आचलले सांगू नका, ते पोट्टी साक्षगंधात हसत सुटन.

ता. क. दुसरं. तुमची जुनी जीप अजून चालते असं माया म्हणते. तीच काढा. मी आदल्या दिवशी एसटीनं येते. समोर तुमी बसा, मागच्या फळीवर मी बसीन. फक्त वळून विचारू नका.

ता. क. तिसरं. ओटीची साडी परत करणार होती, पण फॉल लावून झाला. तीच नेसून येते. फोटो काढले तर या वेळी दारापासून दूर उभी राहीन.