डाव्या पायाचा पाणीपुरवठा

१८ मे, रविवार, सकाळ
दसऱ्याला इंदोऱ्याहून दीक्षाभूमीला पायी जायचं. दरवर्षी जातो. छप्पन साली माझे बाबा दीक्षेसाठी कुहीजवळच्या गावातून पायी आले होते. माझं अंतर त्या मानाने किरकोळ, पण रिटायरमेंटनंतर सवय गेली आहे. म्हणून आजपासून रोज मॉर्निंग वॉक आणि रोज नोंद.
कडबी चौकापर्यंत जायचं होतं. निम्म्या वाटेत डाव्या पोटरीत गोळा आला. विजेच्या खांबाला टेकून उभा राहिलो, दोन मिनिटांत बरं वाटलं. निघालो, पुन्हा तेच. स्नायू तयार होत आहेत.

२२ मे
शेजारचे भैय्याजी सोबत येऊ लागले. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, पण थांबतच नाहीत. काहून थांबून राहिला गा, म्हणाले. म्हटलं, तीस वर्षं पाणीपुरवठ्यात ज्युनिअर इंजिनिअर होतो, रस्त्यात चेंबरचं झाकण दिसलं की नजर जाते. त्यांना पटलं. आता तेच दर गल्लीत लीकेज दाखवतात, त्यामुळे माझी आपोआप सोय होते. सभ्य माणूस आहे.

२९ मे
ऊन मी म्हणतंय. कूलरसमोर बसूनही आमचा मुलगा प्रशिक घामाघूम. माझा डावा पाय मात्र थंडगार. उजवा नॉर्मल. बायकोने, नंदिनीने, हात लावून पाहिला आणि डॉक्टरचं नाव काढलं. या उन्हात लोक थंडाव्यासाठी पैसे मोजतात, इथे घरबसल्या मिळतोय तर हिला डॉक्टर आठवतो.

३ जून
चप्पल चोरीला गेली. फक्त डावी.
पानठेल्यावर गेलो होतो, सुटे पैसे आणायला. घरी आलो तर नंदिनी म्हणाली, एक पाय उघडा काहून? पाहिलं तर खरंच. डांबर वितळलेलं, आणि आपल्याला पत्ता नाही! प्रशिकने गल्लीत शोधून आणली, ट्रान्सफॉर्मरजवळ पडली होती. चोर घाबरून टाकून गेला असेल. नंदिनी म्हणते, पायातून निसटली आणि तुम्हाला कळलं नाही. स्वतःची चप्पल निसटलेली कोणाला कळत नाही?
अंगठ्याखाली फोड आला आहे. दुखत नाही.

२० जून
फोड फुटला. जखम दुखत नाही, म्हणजे विषय संपला.
प्रशिक मिहानमधल्या कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो, म्हणून त्याला सगळं ठाऊक. फोनवर चित्र दाखवलं. रक्तवाहिनीच्या आत चरबीचा थर बसतो, वाट अरुंद होते, सिगरेटने आणखी वेगाने. चालताना पायाला जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही म्हणून पोटरी दुखते. थांबलं की थांबते. मला शिकवतो! जुन्या लोखंडी पाइपात थर साचतो हे मी त्याच्या जन्माआधीपासून पाहत आलोय. तसे पाइप चाळीस-चाळीस वर्षं टिकतात. त्याने विचारलं, शेवटच्या घराले पाणी येते का मग? चहा निवत होता म्हणून मी उठलो.
टेल-एंडच्या, म्हणजे लाइनीतल्या शेवटच्या घरांच्या, तक्रारींचा माझा अनुभव दांडगा आहे. थोडं थांबलं की तक्रारी येणं बंद होतं.

११ जुलै
सिगरेट सोडली. जेवणानंतरच्या धरत नाही, त्या पचनासाठी असतात. सकाळची तर त्याहून आवश्यक.
पावसामुळे वॉक बंद. पोटरी अजिबात दुखत नाही. प्रगती आहे.

५ ऑगस्ट
मोठा शोध लागला. आडवं झालं की पावलाची आग होते, झोप लागत नाही. काल सहज पाय पलंगावरून खाली सोडला आणि आग शमली. ग्रॅव्हिटी! टाकी वर, नळ खाली, एवढी साधी गोष्ट. आजपासून खुर्चीत बसून झोपायचं, पाय खाली सोडून. माणूस खुर्चीत झोपते का, नंदिनी म्हणाली. म्हटलं, इंजिनिअर झोपतो. हा उपाय भैय्याजींना सांगायचा आहे. हल्ली ते एकटेच जातात.

३० ऑगस्ट
अंगठा काळपट पडलाय. ओल गेली, जखम सुकत आली असणार. नंदिनी म्हणते वास येतो. पावसाळ्यात नागपूरभर गटारांचा वास येतो.
दसऱ्याचा पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. लवकर झालं, पण ऐनवेळी धावपळ नको.

१२ सप्टेंबर
नंदिनी दोन दिवस बोलली नाही. आज ताट ठेवलं आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "तुमी खुर्चीत झोपता तवा मी रोज तो पाय पुसून पट्टी बदलवून राहिली. महिना झाला. तुमी एकदाही जागे नाही झाले."
पट्टी मीच बांधलेली आहे असं मला वाटत होतं.
सोमवारी धंतोलीला डॉक्टरकडे जाऊ म्हटलं. तिच्या समाधानासाठी.

१५ सप्टेंबर, धंतोली
डॉक्टर मुलगी तरुण आहे. ब्लडप्रेशर दंडाला घेतलं आणि घोट्यालाही. घोट्याला दंडाच्या निम्मंही भरलं नाही. मी म्हटलं, टेल-एंडला प्रेशर नाही. ती म्हणाली, बरोबर, काका. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी समजून घेतलं. मग तिला ग्रॅव्हिटीचा शोध सांगितला. तिचं लिहिणं थांबलं. पाय खाली सोडल्यावरच बरं वाटणं ही आजार फार पुढे गेल्याची खूण आहे, म्हणाली. मे महिन्यात खांबाला टेकलात तेव्हाच यायला हवं होतं. तेव्हा बहुतेक गोळ्यांवर, सिगरेट सोडण्यावर आणि नियमित चालण्यावर भागलं असतं. असा थर एका पायात असला की हृदयाच्या आणि मेंदूच्या वाहिन्यांतही असू शकतो, तेही तपासू.
सिगरेट विचारली. सोडली म्हटलं. नंदिनीने माझ्या खिशाकडे पाहिलं. मी नोंद दुरुस्त करायला सांगितली.

१९ सप्टेंबर
वाहिनीत फुगा घालून पाहिला. गुडघ्याखाली वाट उरलेली नाही. बायपास करायलाही खाली धड वाहिनी नाही, म्हणे. काळेपणा वर चढतो आहे.
मी विचारलं, दसऱ्यापर्यंत चालता येईल का. डॉक्टरने प्रशिककडे पाहिलं. तो खिडकीकडे पाहत होता.

२३ सप्टेंबर
उद्या. गुडघ्याखालून.
सही केली. भैय्याजी भेटायला आले होते. तुमी झाकणं पाहता असंच मले वाटे, म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला काहीच झालं नाही. त्यांनाच पाणी दिलं.
नंदिनी गेल्यावर भीती वाटली. खूप वाटली. लिहून ठेवतो.

२ ऑक्टोबर, दसरा
यंदा माझ्याऐवजी नंदिनी गेली. इंदोऱ्याहून, पायी. तिथून सरळ इथे आली. गर्दी फार होती म्हणाली. चप्पल काढून पलंगाशेजारी बसली, डबा उघडला. मी विचारलं, कुठे कुठे थांबलीस.
"कुठीच नाही थांबली," ती म्हणाली. "काहून थांबू?"
मी वरण-भात खाल्ला.
दुपारी डाव्या अंगठ्यात कळ सुरू झाली. चांगलीच. नर्सला हाक मारून सांगितलं, अंगठा दुखतो आहे. कोणता, तिने विचारलं. डावा, म्हटलं. तिने तिकडची चादर सारखी केली. दुखते काका, म्हणाली, पाय काढल्यावर बऱ्याच जणाले दुखते.
तिने गोळी दिली. घेतली.