लाल टोपीवाला घोडा

नारायण पेठ, पुणे
९ फेब्रुवारी २०२६

ती. विमलवन्सं यांस मुक्ताचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडायचा कंटाळा, म्हणून लिहिते. ह्यांना जाऊन वर्ष होईल. त्यांच्या चांदीच्या काडेपेट्या विकून टाक, असं केयूर तिकडून कॅनडातनं सांगतो. जुनं सामान म्हणे. आईपण जुनीच आहे, तिला कधी विकतोस, विचारलं तर फोन ठेवला.

कॅम्पातले नियाजभाई दर रविवारी जुन्या बाजारातनं परतताना पेट्या बघायला येतात. त्यांनाही हाच नाद. प्रत्येक पेटीवर मीनाकामाचा एक घोडा, वर रंगीत टोपीचा स्वार, ओळीनं मांडल्या की शर्यत दिसते. सगळ्यात पुढचा लाल टोपीवाला तेवढा नाही. तो मिळाला तर सगळ्या एकदम नेतील, सुट्या नकोत म्हणतात. ह्यांनी तुम्हाला दिलाय का, कळवा. नियाजभाई दोन कप चहा पितात आणि ह्यांच्याबद्दल बोलतात. दुसरं कोणी बोलत नाही.

गुडघ्याला तेल लावा. लोभ आहे तेवढा राहू द्या.

तुमची,
मुक्ता

सांगली
१६ फेब्रुवारी

चि. मुक्तास अ. उ. आ.

लाल टोपीवाला माझ्याकडेच आहे. उत्तरेश्वरनं भाऊबीजेला ताटात घातला होता. देवापुढच्या काड्या त्यातच ठेवते. ओवाळणी परत करू नये, पण माझ्यामुळे तुझं अडायला नको. हवा असेल तर कुरिअरनं पाठवते. तसं लगेच लिही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

विमल

पुणे
२३ फेब्रुवारी

ती. वन्सं, सा. न. वि. वि.

कुरिअर करू नका. काल नियाजभाईंनी विचारलं, घोडा सापडला का. मी तोंडावर नाही म्हटलं. ते म्हणाले, हरकत नाही भाभी, पुढच्या रविवारी येतो.

तुमचा घोडा आला की पेट्या गेल्या. मग रविवारी चहा कोणासाठी टाकू? केयूरला सांगितलंय, शोध चालू आहे. त्याला तिथं बसून काय कळतंय.

त्यापेक्षा तुम्हीच या, घोडा पिशवीत घालून. ह्यांनी मला कधी पेट्यांना हात लावू दिला नाही. आपण दोघी एकदा सगळ्या मांडू, पुरी शर्यत बघू. रविवारी दार वाजलं की घोडा परत पिशवीत.

आणि जाताना आठवणीनं घेऊन जा.

लोभ कागदावर मागत नाही. या.

मुक्ता