संकटकाळाचं जाकीट

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघा दुखावल्यामुळे तूर्तास कागदावरच). तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? आमची ही तुझ्याकडे मजेत असेलच. आल्याआल्या तिनं माझ्याविरुद्ध जे काही सांगितलं, त्यातलं निम्मं खोटं आहे. उरलेल्या निम्म्याचा खुलासा करतो.

मागच्या वादळात आमच्या इमारतीची वीज गेली, तेव्हापासून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्यानं 'आपत्कालीन संच' मांडलाय. साबणाच्या डबीएवढी डबी. आत शिट्टी, बोटाएवढी बॅटरी, चार काड्या आणि एक चमचमता कागद (हे म्हणे पांघरूण!). आभाळ भरून आलं की डबीची किंमत चढते आणि मोकळं झालं की उतरायचं विसरते. मी नुसती चौकशी केली, तर म्हणाला, "मास्तर, आजच घ्या, उद्या भाव वाढेल." दुसऱ्या दिवशी खरोखरच वाढला. माणूस शब्दाचा पक्का आहे, एवढं मान्य करतो.

हिनं घ्या घ्या म्हणून डोकं खाल्लं. पण ताई, सगळी हयात लोकांचे कपडे शिवण्यात घालवली, आणि मी डबी विकत घेऊ? उरलेल्या रेनकोटच्या कापडाचं मी एक जाकीट शिवलं. पुढे खिसे, मागे खिसे, खिशात खिसे. बॅटरी, बिस्किटं, दोरी, हिच्या रक्तदाबाच्या गोळ्या, हिचा जादा चष्मा, सगळं जागच्या जागी. आणि हात सवयीनं चालतो, त्याला मी काय करू? नवा कोट गिऱ्हाइकाला देताना खिशांची तोंडं आम्ही टाके घालून बंद करतो, म्हणजे आकार बिघडत नाही. तसे याचेही खिसे मी बंद केले. (माझा कच्चा टाकाही पक्का असतो, हे तुला ठाऊक आहेच.)

परवा संध्याकाळी वीज गेली. मी दिमाखात जाकीट चढवलं. हिला गोळी हवी होती. गोळी खिशात, खिसा शिवलेला, आणि कात्री सगळ्यात आतल्या खिशात! नाइलाजानं दातांनी टाके तोडायला बसलो. अंधारात ती कुरतड ऐकून हिला वाटलं, घरात घूस शिरली. झाडूचा पहिला फटका पाठीवर बसला, दुसरा चुकवताना मी स्टुलावर आपटलो. सकाळी पिशवी भरून ही तुझ्याकडे निघाली. म्हणे, घरात डबी आली की येईन.

मग राहा म्हणावं खुशाल! मी त्या हार्डवेअरवाल्यापुढे मान तुकवणार नाही. जाकिटाच्या खिशांना आता टाक्यांऐवजी बटणं लावतोय. माझं काहीएक अडलेलं नाही. चहासुद्धा स्वतः करतो (साखर कुठे ठेवते, तेवढं विचारून कळव).

तुझा हट्टी (हा तुझाच शब्द) धाकटा भाऊ

ता. क. डबी आणली. भाव उतरला म्हणून नव्हे, काल तर आणखी चढला होता. त्यांचं काम किती कच्चं आहे, ते पाहायला आणली. ही शरणागती समजू नये.

आणखी एक. डबीवर छापलंय, शिट्टी वाजवली की जवळचं माणूस मदतीला धावून येतं. स्वयंपाकघरात उभं राहून मी बराच वेळ वाजवली. कोणी आलं नाही. डबीत खोट आहे. हिला म्हणावं, विश्वास नसेल तर स्वतः येऊन बघ.