अंबिकेच्या लिंबांसाठी तळं

१२ जानेवारी
आमचे वडील, आप्पा, फार वर्षांपूर्वी म्हणाले होते, "मार्तंडला सही येते, अंबिकेला शेत येतं." ती माझी स्तुती होती, हे आज कळलं. शेततळ्याच्या अनुदानाचे अर्ज सुरू झालेत. सही मीच करणार.

१५ जानेवारी
प्लॅन तयार. सातबाऱ्यावर माझं आणि धाकट्या बहिणीचं, अंबिकेचं, अशी दोन नावं. दोन नावं म्हणजे फाईल अडकणार. कृषी सहायक वैजनाथ म्हणाला, अंबिकाताईंचं संमतीपत्र जोडा, पुरतं. लहान माणूस, लहान विचार. मी प्रश्न मुळातूनच मिटवणार. अंबिकेने तिच्या हिश्शाचं हक्कसोड द्यावं.
नवऱ्याने टाकल्यापासून ती माझ्याच आश्रयाला आहे. शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. हवा चांगली.

१७ जानेवारी
तिला समजावलं. तिचं एकच, "तळं झाल्यावर माझ्या लिंबांना पानी सोडशील ना, दादा?" लिंबं तिनेच लावली. होळीनंतर विहीर आटते, मग गावच्या हापशावरून डोक्यावर घागरी आणून जगवते. व्यायाम होतो.
मी म्हणालो, पहिलं पाणी लिंबांनाच. शब्द म्हणजे शब्द.

२९ जानेवारी
पाथर्डीला जाऊन हक्कसोड झालं. निबंधक साहेबांनी विचारलं, स्वखुशीने का? ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, व्हय म्हण. म्हणाली.
रीतीप्रमाणे भावाची साडी दिली. पोपटी. माझ्या बायकोला, देवश्रीला, माहेरून आलेली, तिला आवडली नव्हती. अंबिकेला कुठे निवड आहे? डोळ्यांत पाणी आलं. माझ्या.

८ फेब्रुवारी
अर्ज भरला. इकडे अंबिकेने साडी लिंबाच्या रोपांवर सावलीला बांधली. म्हणे, "मला मिरवायला कुठं जायचंय? झाडं तरी मिरवतील." कृतघ्न.

२० मार्च
यादी लागली. मी प्रतीक्षायादीत, बराच खाली.
वैजनाथ म्हणाला, यंदा एकल महिला खातेदारांना प्राधान्य आहे. ताईंचं नाव असतं तर पहिल्याच झटक्यात तळं होतं. मग म्हणाला, "तुम्हीच काढलंत ना?" उद्धटपणा.
बहिणीला नवऱ्याने टाकलंय हे मी चारचौघांत झाकत आलो, आणि आता म्हणे तेच क्वॉलिफिकेशन! शासनाचं धोरण चुकलं.

२१ मार्च
वकिलांना विचारलं, नाव परत लागेल का? म्हणाले, लागेल की. बक्षीसपत्र करा, तिचा हिस्सा तिला द्या. हे ऐकून देवश्रीने ताट आपटलं. विषय संपला.
अंबिकेला काही सांगायचं नाही असं ठरवलं. तिला वाईट वाटेल.

२७ मार्च
वैजनाथने तिला सांगितलंच. आली. वाटलं, रडेल. हसत म्हणाली, "दादा, तुज्या डोक्याला तोड न्हाई. माझं नाव पुसलंस, त्याच्याबरुबर तळं बी पुसलंस."
तिच्या शेळ्या विकून कोपरगावकडे मैत्रिणीकडे गेली. उसाच्या खुरपणीला. जाताना म्हणाली, "आता मालक तू. पानी बी तूच घाल."
घालणार! उद्या पहाटेपासून.

२८ मार्च
दोन घागरी आणल्या. हापशावर बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पाठ धरली. आज विश्रांती, उद्यापासून नियमित.

३ एप्रिल
पाठ. शिवाय लिंबाला म्हणे पाण्याचा ताण दिलेला चांगला असतो. ताण देतोय.

१९ एप्रिल
आज शेतात गेलो. ताण जास्त झाला असावा. पानं हातात चुरतात. बागेत आता हिरवं म्हणजे ती साडीच. बुंध्यापाशी दोन-तीन झाडांत अजून ओल वाटते. नक्की सांगता येत नाही. तिला कळलं असतं.
अंबिकेला फोन केला, उचलला नाही. मेसेज लिहून ठेवलाय. ती नाहीच म्हणणार. तरी पाठवतो:
अंबिका, नावाचा विषय काढू नकोस. नुसती पाणी घालायला ये.